घर बांधायला काढताय? आधी मापांची वही उघडा

साइटवर येणारा प्रत्येक नवा मालक पहिला प्रश्न एकच विचारतो: "स्क्वेअर फुटाला काय पडेल?" गेली बरीच वर्षं मी सांगली-सातारा पट्ट्यात लहान बंगल्यांची कामं बघतोय आणि या प्रश्नाला मी कधी सरळ उत्तर देत नाही. लोकांना वाटतं मी टाळतोय. पण शेजारच्या गल्लीतल्या पाहुण्याला चौरस फुटाला जे पडलं, त्यात त्याचं कंपाउंड होतं की नाही, बोअर होती की नाही, पाया चार फुटांवर लागला की नऊ, हे तुम्हाला माहीत नसतं. त्याला स्वतःलाही धड आठवत नसतं. लोक खर्च सांगताना सोयीचा आकडा सांगतात, कुणी फुशारकीसाठी वाढवून, कुणी हुशारी दाखवायला कमी करून.

दर तर महिन्या-दोन महिन्यांत हलतात. म्हणून या लेखात दर जवळजवळ नाहीत. माप मात्र आज काढलं तरी तेच आणि दिवाळीनंतर काढलं तरी तेच. एक मजल्याचं, हजार चौरस फूट स्लॅबचं साधं घर धरून ते कसं काढायचं ते सांगतो.

पहिली पायरी: काय बांधायचंय ते कागदावर

आर्किटेक्टचा प्लॅन आणि स्ट्रक्चरल इंजिनिअरचं आरसीसी (लोखंडी सळया घातलेल्या काँक्रीटचं) डिझाइन हातात येण्याआधी काढलेला कुठलाही आकडा गप्पांपुरता. डिझाइनची फी वाचवून "मिस्त्रीच्या अंदाजाने" लोखंड टाकणारे लोक मी बघितलेत. मिस्त्री घाबरून दीडपट लोखंड टाकतो, कारण स्लॅब पडला तर नाव त्याचं जातं. फीच्या कितीतरी पट पैसा काँक्रीटमध्ये गाडला जातो आणि तो परत काढता येत नाही.

प्लॅनसोबत एक पानभर वर्णन लिहून घ्या. भिंती विटांच्या की ब्लॉकच्या, फरशी कुठली, दरवाजे सागवानी की फ्लश, बाथरूमच्या टाइल्स किती उंचीपर्यंत, नळ कुठल्या कंपनीचे. हे पान नसलं की काँट्रॅक्टरच्या डोक्यातलं घर आणि तुमच्या डोक्यातलं घर वेगळं राहतं. ते कळतं फरशी बसवायच्या वेळी.

दुसरी पायरी: मापं

आपल्याकडे सगळा धंदा ब्रासवर चालतो आणि नवख्याची पहिली फसगत इथेच होते. वाळू, खडी, मुरूम यांचा एक ब्रास म्हणजे १०० घनफूट. गिलावा, सेंटरिंग (काँक्रीट ओतायला खालून लावतात तो प्लेटा-टेकूंचा साचा) यांचा एक ब्रास म्हणजे १०० चौरस फूट. शब्द तोच, माप वेगळं. बोलताना कुठला ब्रास चाललाय ते विचारून घ्या, लाजू नका.

आता स्लॅब. हजार चौरस फूट, जाडी पाच इंच. १००० गुणिले ५ भागिले १२, म्हणजे ४१७ घनफूट. त्याखाली बीम असतात. त्यांची एकूण लांबी २०० फूट, रुंदी नऊ इंच आणि स्लॅबच्या खाली लोंबणारी उंची दहा इंच धरली, तर आणखी १२५ घनफूट. एकूण ५४२ घनफूट, म्हणजे साधारण १५.३ घनमीटर काँक्रीट.

एम-२० दर्जाच्या काँक्रीटला, म्हणजे एक भाग सिमेंट, दीड भाग वाळू आणि तीन भाग खडी अशा मिश्रणाला, घनमीटरमागे सुमारे आठ पोती सिमेंट लागतं. तेव्हा १२२-१२३ पोती. वाळू सव्वादोन ब्रासच्या आसपास, खडी साडेचार ब्रास. लोखंडाचा खरा आकडा बार बेंडिंगच्या तक्त्यातूनच (कुठली सळई, किती लांब, किती नग, याची इंजिनिअरने दिलेली यादी) येतो, पण पडताळ्यासाठी स्लॅबला घनमीटरमागे ८० किलो आणि बीमला दीडशे किलो धरून बघा: साधारण दीड टन निघतं. इंजिनिअरच्या तक्त्यात अडीच टन आलं तर चिडू नका, पण कारण विचारा. कदाचित हॉलचा गाळा, म्हणजे दोन आधारांमधलं अंतर, मोठा असेल, कदाचित वर पुढे मजला चढवायचा म्हणून धरलं असेल.

एवढं गणित दहावीच्या मुलाला येतं. पाया, कॉलम, जोतं (जमिनीपासून घराच्या फरशीपर्यंतचा ओटा), भिंती, सगळ्याचं असंच करायचं. भिंती सहा इंची एएसी (हलक्या, सच्छिद्र काँक्रीटच्या) ब्लॉकच्या असतील तर ६०० बाय २०० मिलिमीटर तोंडाचे ७७-७८ ब्लॉक १०० चौरस फुटाला लागतात. तुटफूट धरून ८०-८२ मागवा.

गिलाव्याचं माप हा भांडणाचा जुना विषय. दारं-खिडक्या वजा करायच्या की नाही? भारतीय मानकात याचं सरळ उत्तर आहे. अर्ध्या चौरस मीटरपर्यंतचं भोक वजा करायचं नाही. अर्धा ते तीन चौरस मीटरमधलं असेल तर भिंतीच्या एकाच बाजूची वजावट करायची. दुसऱ्या बाजूची सोडून द्यायची, कारण कडेच्या बगलांना गिलावा लागतोच. तीनपेक्षा मोठं असेल तर दोन्ही बाजू वजा करून बगला वेगळ्या मोजायच्या. तीन बाय सात फुटांचं नेहमीचं दार १.९५ चौरस मीटरचं, म्हणजे मधल्या गटातलं. काम सुरू व्हायच्या आधी मिस्त्रीला हे सांगून टाका. नंतर सांगितलंत तर तुम्ही चेंगट ठरता.

जमिनीखालचं

जमिनीवरचं सगळं मोजता येतं. एस्टिमेट फसतं ते बहुतेक वेळा जमिनीखाली. आपल्या पट्ट्यात काळी माती आहे. पावसाळ्यात ती फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावर फुटिंग (कॉलमखालचा काँक्रीटचा पाया) ठेवलं की दोन वर्षांत भिंतींना तिरप्या चिरा. म्हणून खोदत खोदत कठीण मुरूम लागेपर्यंत जावं लागतं, आणि तो किती खोल आहे हे प्लॅनमध्ये लिहिलेलं नसतं.

माझ्या एका सुरुवातीच्या कामात पाच फूट धरून एस्टिमेट दिलं होतं. पुढच्या बाजूला पाच फुटांवर मुरूम लागलाही. मागच्या कोपऱ्यात मात्र जुनी विहीर बुजवलेली निघाली. चौदा फूट गेलो. मालकाने त्या दिवशी माझ्याकडे जसं पाहिलं ते अजून आठवतं. तेव्हापासून एस्टिमेट काढायच्या आधी जेसीबी दोन तास बोलावून प्लॉटच्या तीन कोपऱ्यांत खड्डे घेतो, आणि शेजारच्या म्हाताऱ्या माणसाला विचारतो की इथे पूर्वी काय होतं. दुसरा उपाय फुकट आहे आणि जास्त वेळा कामाला येतो.

जोत्याच्या भरावाचंही तेच. हजार चौरस फुटांचं जोतं दोन फूट उंच म्हणजे दबलेला मुरूम २० ब्रास. सुटा मुरूम धुम्मस केल्यावर बसतो, म्हणून २५ ब्रास मागवावा लागतो. आणि जोतं दोन फूटच ठेवायचं का, हेही बघा. दर काही वर्षांनी रस्त्यावर नवा थर चढतो, जुना कुणी खरवडत नाही. आज दोन फूट वर असलेलं घर मुलाच्या लग्नापर्यंत रस्त्याच्या खाली जातं.

तिसरी पायरी: दर

मापं झाली की दर गोळा करायचे. प्रत्येक मालाचे किमान तीन दुकानदार, एकाच दिवशी, आणि सगळ्यांना एकच प्रश्न: साइटवर उतरवून, हमाली आणि जीएसटी धरून किती? "पोत्याला इतके" म्हणणारा स्वस्त वाटतो, मग गाडीभाडं वेगळं निघतं. सार्वजनिक बांधकाम खात्याची दरसूचीही बघा. तिच्यातले दर तुमच्या गावच्या बाजाराशी जुळतील असं नाही, पण कुठल्या कामात काय काय धरायचं असतं हे तिच्यातून छान कळतं.

जुनं एस्टिमेट हाताशी असेल तर सिमेंटची ओळ तपासा. २२ सप्टेंबर २०२५ पासून सिमेंटवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. लोखंडावर आधीपासून १८ टक्केच आहे.

कराचा आणखी एक मुद्दा ठेका कसा द्यायचा यावर परिणाम करतो. एकट्या स्वतंत्र घराचा निव्वळ मजुरीचा ठेका जीएसटीतून मुक्त आहे. मालासह ठेका दिला आणि काँट्रॅक्टर नोंदणीकृत असला तर पूर्ण रकमेवर १८ टक्के लागतो, अर्थात माल तुम्ही आणलात तरी त्या मालावर तुम्ही कर भरताच. तेव्हा खरा फरक मजुरीच्या आणि काँट्रॅक्टरच्या नफ्याच्या भागावर पडतो. ज्याला रोज साइटवर जायला वेळ आहे, किंवा घरात निवृत्त वडील आहेत, त्याने मजुरीवर द्यावं. पुण्या-मुंबईत नोकरी करून गावाकडे घर बांधणाऱ्याने मालासहच द्यावं, असं माझं स्पष्ट मत आहे. फोनवरून सिमेंट मोजता येत नाही.

मजुरीचा दर ठरवताना तो कुठल्या क्षेत्रावर, हे चिठ्ठीवर लिहून घ्या. खोल्यांचं आतलं क्षेत्र ८५० चौरस फूट असेल तर स्लॅबचं हजार भरतं, आणि मजुरी बहुधा स्लॅबवर मोजतात. जिन्यावरची खोली, पाण्याची टाकी, पॅरापेट, सेप्टिक टँक, कंपाउंड हे त्यात आहे की वेगळं? "ते काय, करून देऊ की" या वाक्याचा अर्थ "करून देऊ आणि पैसे घेऊ" असा असतो.

जे एस्टिमेटमध्ये कुणीच लिहीत नाही

बांधकाम परवानगी आणि विकास शुल्क, लागू असेल तिथे बांधकाम खर्चाच्या १ टक्का कामगार उपकर, आर्किटेक्ट आणि इंजिनिअरची फी, बोअर आणि मोटर, कामापुरतं वीज कनेक्शन, मग कायमचा मीटर. उन्हाळ्यात काम असेल तर टँकर. वॉचमनची पत्र्याची खोली. कर्ज काढलं तर घर बांधून होईपर्यंत भरायचं व्याज, आणि भाड्याच्या घराचं भाडं, ही दोन्ही एकाच वेळी चालू असतात. भूमिपूजन. स्लॅबच्या दिवशी गँगचं जेवण आणि बक्षिसी. वास्तुशांतीला किती पानं, ते तुमच्या भाऊबंदांवर अवलंबून. ही यादी हसण्यावारी नेऊ नका, मी बघितलेल्या घरांत ही रक्कम एका खोलीच्या खर्चाएवढी सहज झालेली आहे.

हे सगळं धरून जी एकूण रक्कम येईल तिच्यावर १० टक्के राखीव धरा, आणि पाया अजून खोदलेला नसेल तर १५. राखीव रक्कम वेगळ्या खात्यात ठेवा. एकाच खात्यात असली की ती राखीव राहत नाही, तिची ग्रॅनाइट होते.

काम सुरू झाल्यावर

शंभर पानी वही घ्या. डावीकडे आलेला माल, उजवीकडे वापरलेला. सिमेंटची रिकामी पोती मोजून ठेवा. रोज संध्याकाळी हजेरी: गवंडी किती, बिगारी किती. मोबाइलवर एक्सेल येत असेल तर उत्तम, पण साइटवर वहीच टिकते, तिला चार्जिंग लागत नाही.

माल घेताना तीन ठिकाणी डोळे उघडे ठेवा.

डंपर: हौद्याची आतली मापं टेपने स्वतः घ्या. दहा बाय सहा फुटांच्या हौद्यात दोन ब्रास भरायला माल तीन फूट चार इंच उंच हवा. तीन फूटच असेल तर १८० घनफूट होतात, म्हणजे खेपेला २० घनफूट गेले. दहा खेपांत पूर्ण दोन ब्रास. मध्ये ढीग आणि कडेला खळगा असेल तर फावड्याने सपाट करून मग मोजा.

ओली वाळू: पाच-सहा टक्के ओलावा असलेली वाळू वीस ते तीस टक्के फुगलेली असू शकते. उभट काचेच्या बरणीत वाळू सैल भरा, खूण करा. ती काढून बरणी अर्धी पाण्याने भरा आणि तीच वाळू परत सोडून ढवळा. जितकी खाली बसली तितकी हवा तुम्ही विकत घेत होतात.

लोखंड: सळईच्या व्यासाचा मिलिमीटरमध्ये वर्ग करून १६२ ने भागा, मीटरचं वजन किलोत मिळतं. १२ मिमीची १२ मीटर सळई १०.६६ किलो, १० मिमीची ७.४, ८ मिमीची ४.७४. मानकातच १० मिमीपर्यंत ७ टक्के आणि १२-१६ मिमीला ५ टक्के कमीजास्त चालतं. म्हणून नगावर गुणाकार करून दिलेलं बिल घेऊ नका, वजनकाट्याची पावती घ्या आणि नगही मोजा. दोन्ही आकडे जवळपास जुळले पाहिजेत.

सिमेंट साठवू नका. तीन महिन्यांत त्याची ताकद घटते, पावसाळ्यात त्याहून लवकर. विटांचं उलटं आहे. भट्ट्या दिवाळीनंतर पेटतात आणि पावसाआधी विझतात, त्यामुळे जागा असेल तर विटा उन्हाळ्यात घेऊन ठेवाव्यात.

पैसे देण्याबद्दल. आठवड्याच्या बाजाराच्या दिवशी मजुरांना पैसे लागतात, ते अडवू नका. त्यांच्या घरी त्या दिवशी पिशवी रिकामी जाते. पण मुकादमाची उचल मात्र झालेल्या कामाच्या पुढे जाऊ देऊ नका. माझ्या ओळखीच्या एका मालकाने होळीच्या आधी दया येऊन मोठी उचल दिली. गँग होळीला गावी गेली ती दुसऱ्याच तालुक्यात कामाला लागली. टप्पे ठरवा: पाया, जोतं, स्लॅब, भिंती, गिलावा, फरशी. टप्पा मोजून झाला की त्याचे पैसे. शेवटचे ५ टक्के गच्चीत पाणी भरून ठेवून, खाली ओल आली नाही हे बघूनच.

सेंटरिंग कधी काढायचं यावरही पैसा हलतो. प्लेटा भाड्याच्या असतात, म्हणून ठेकेदाराला घाई असते. मानकाप्रमाणे साडेचार मीटरपर्यंतच्या गाळ्याच्या स्लॅबखालचे टेकू सात दिवस, त्याहून मोठ्याला चौदा. बीमखालचे सहा मीटरपर्यंत चौदा, पुढे एकवीस. भाडं वाचवायला हे दिवस कमी करू नका.

मध्येच थांबून हिशेब

समजा सगळ्या घराचं एस्टिमेट २४ लाख, त्यात जोत्यापर्यंत ४ लाख धरले होते. प्रत्यक्षात ४ लाख ६० हजार गेले. आता शेवटी किती लागेल?

हे साठ हजार का वाढले, ते वहीत शोधा. मुरूम जास्त लागला म्हणून वाढले असतील तर ते एकदाच. उरलेले २० लाख तसेच, एकूण २४ लाख ६० हजार. पण मजुरी आणि लोखंड दोन्ही धरल्यापेक्षा महाग पडलं म्हणून वाढले असतील, तर तीच १५ टक्के वाढ पुढेही लागत राहणार. २० लाखांचे २३ होतात आणि एकूण जातं २७ लाख ६० हजारांवर. जोत्यावर दिसलेला जादा आकडा दोन्हीकडे साठ हजारच, पण शेवटी तीन लाखांचा फरक. दुसऱ्या प्रकारात असाल तर आत्ताच काहीतरी कमी करा. आत्ता पोर्च पुढे ढकलता येतो, फर्निचर नंतर करता येतं. फरशीपर्यंत आल्यावर कमी करायला काही उरत नाही. मग लोक रंग स्वस्तातला लावतात आणि पहिल्याच पावसात पस्तावतात.

हा हिशेब जोत्याला, स्लॅबला आणि गिलाव्याआधी असा तीनदा करा. बँकेकडूनही कर्ज टप्प्याटप्प्यानेच मिळतं, त्यामुळे पुढचा हप्ता यायच्या आत किती कमी पडणार हेही याच वेळी कळतं.

"एवढं करूनच टाकू"

सिमेंटच्या भावापेक्षा या वाक्याने जास्त घरं कर्जात गेलीत. भिंत उभी राहिल्यावर पाहुणे येतात, म्हणतात खिडकी मोठी हवी होती. मेव्हण्याला देवघर पूर्वेला हवं असतं. प्रत्येक बदल लहान असतो, पण बदलाचा खर्च तीनदा येतो: आधीचं तोडायचं, राडा उचलायचा, नवं बांधायचं. त्यातून गँग तीन दिवस बसून राहिली तर तेही.

बदल करायचाच नाही असं मी म्हणत नाही, राहायचं तुम्हाला आहे. फक्त वहीच्या मागच्या पानावर आधी लिहा: काय बदलायचं, किती लागणार, किती दिवस जाणार, कुठून आणणार. खाली घरातल्या दोघांच्या सह्या. माझा अनुभव असा की लिहायला बसल्यावर निम्मे बदल आपोआप गळतात. मेव्हण्याला सही करायला सांगितली की तर नक्कीच.

शेवटच्या आठवड्यात

गिलाव्याआधी भिंतीतल्या पाइप-वायरींचे फोटो टेप लावून काढलेले असतील तर ते आणि बिलं एका फायलीत घाला. न उघडलेली टाइल्सची खोकी दुकानदार परत घेतो, पण ते खरेदीच्या वेळीच बिलावर लिहून घेतलेलं असेल तर. सगळी मात्र परत करू नका. प्रत्येक डिझाइनचं एक खोकं माळ्यावर ठेवा. चार वर्षांनी बाथरूमचा पाइप फुटून दोन टाइल्स फोडाव्या लागतात, आणि तेव्हा बाजारात तोच नंबर मिळाला तरी तीच छटा मिळत नाही.